दुसऱ्या मजल्याचा पिंपळ

चंद्रभान रामटेके हे आमच्या मानेवाड्याकडचे प्लंबर. साठीला टेकलेले, अंगानं काटक, बोलायला कमी. नागपुरात नळवाल्यांना तोटा नाही. फोन केला की "निघालोच मॅडम" म्हणतात आणि चौथ्या दिवशी उगवतात. चंद्रभान "निघालोच" कधी म्हणत नाहीत. "उद्या साडेआठले येतो" म्हणतात आणि साडेआठला फाटक वाजतं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे वेळ पाळणाऱ्या माणसाला माझ्याकडून आधीच पन्नास मार्क मिळतात. उरलेले पन्नास त्यांनी कसे मिळवले ते सांगते. त्यात माझी शोभा होणार आहे, पण इलाज नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या बाहेर, सांडपाण्याच्या पाइपाच्या जोडात पिंपळाचं रोप उगवलं. पक्ष्यांची कृपा. बघता बघता ते हातभर झालं आणि आतल्या भिंतीनं ओल धरली. काढायला पाहिजे हे सगळ्यांना पटत होतं, पण काढायला कोणी तयार नव्हतं. भांडेवालीनं हात जोडले. मिस्त्री म्हणाला, "बाकी काहीबी सांगा, पिंपळाले हात नाही लावत आपन." आमचे श्रीधरराव, म्हणजे माझा नवरा, एरवी देवाधर्मावर तासभर वाद घालणारे; त्यांनाही अचानक आठवलं की पिंपळावर मुंजा असतो. आणि मी? मीही कात्री हातात घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

मग शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "रामटेकेंना सांगा. त्यांच्यात काही नसतं असलं." मला ते पटलं. इतकं पटलं की चंद्रभान आले तेव्हा मी तोंडावरच म्हणाले, "तुमच्यात चालतं नं? मग टाका बरं हे उपटून."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "हो बाई, काढतो," एवढंच म्हणाले.

दहा मिनिटांच्या कामाला त्यांनी अख्खी सकाळ लावली. मी खाली उभी राहून धुसफुसत होते. त्यांनी आधी पाइपाचा जोड सैल केला, मग बारीक छिन्नीनं सिमेंट टोकरलं, आणि एकेक मूळ पाणी मारून बोटांनी सोडवलं. एक मूळ पाइपाच्या आत हातभर गेलं होतं, तेसुद्धा न तुटता बाहेर काढलं. मग ते रोप ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून मोपेडवर पुढे ठेवलं. मला वाटलं, नेऊन कुठंतरी टाकतील. पाइप पुन्हा बसवला, तो आजतागायत गळलेला नाही.

माझा जन्म नागपूरचा. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी माणसांची रीघ मी लहानपणापासून पाहते आहे. पोरांना सिद्धता शिकवण्यात आयुष्य गेलं, पण पिंपळ या माणसाचा कोण लागतो, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

तो उलगडा झाला सहा वर्षांनी. ऐन मे महिन्यात आमची पाण्याची मोटर बसली आणि चंद्रभानचा फोन बंद. मी रिक्षा केली आणि हुडकेश्वरला त्यांचं घर शोधत गेले. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीला पूर्वेकडे भिंतभर खिडकी, आणि खिडकीखाली बांधकामाच्या फळ्यांची तीन पायऱ्यांची मांडणी. तिच्यावर एकोणीस झाडं. वड, पिंपळ, उंबर, सगळी एकाच भावकीतली. उंची वीतभर, फार तर दोन वीत. पण खोडं मनगटाएवढी, मुळं दगडावरून उतरलेली, आणि पानं अशी लहान की उंबराचं पान माझ्या अंगठ्याखाली झाकलं जावं. मी दारातच थांबले. मोटर विसरले.

प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या पट्टीवर मार्करनं नाव लिहिलेलं. 'शाळेची टाकी.' 'पोस्टाची पन्हळ.' 'मुग्धा डॉक्टर, गच्ची.' आणि मधल्या पायरीवर, डौलदार वाकलेल्या पिंपळावर, चक्क माझं नाव: 'हरकरे बाई, दुसरा मजला.'

"लोकाच्या घरात सोफा राहते," त्यांच्या पत्नी यशोधरा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमच्या घरात लोकाच्या भिंतीच राहते."

चंद्रभान हसले. मग एकेक झाड दाखवत बोलत राहिले. या माणसाला इतकं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. मूळचे ते खाप्याचे, अठराव्या वर्षी मामाच्या हाताखाली पाइपाचं काम शिकायला आले. तेव्हापासून लोक त्यांना भिंतीतली झाडं काढायला बोलावतात आणि ते ती घरी आणतात. पहिली तीन गच्चीवर ठेवली होती, ती वानरांनी एका दुपारी साफ केली. तेव्हापासून झाडं घरात.

घरातलं झाड म्हणजे नुसतं कुंडीत लावून पाणी घालणं असं मला वाटत होतं. तसं नसतं. माती म्हणून त्यात माती जवळजवळ नसतेच. विटांचा चुरा चाळून घेतलेला, त्यात थोडं कुजलेलं शेणखत. पाणी घड्याळ पाहून नाही, बोट खुपसून पाहून. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर झाड खिडकीकडे मान वळवून बसतं. फांदी वळवायला जळालेल्या मोटरची तांब्याची तार. पण ती वेळेवर सोडायची, नाहीतर सालीत रुतते. दोन वर्षांनी झाड उपसून मुळं छाटायची. आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे त्याची जागा उगाच बदलायची नाही. या जातीला जागा बदललेली खपत नाही, लगेच पानं टाकते.

"कोणाकडे शिकलात हे?" मी विचारलं.

"कोनाकडं नाही. पयली सात मेली. त्याईनंच शिकवलं."

"पण एवढी ठेवलीत कशाला?"

त्यांनी कुंडीतलं एक गळलेलं पान उचललं. मग सरळ माझ्याकडे पाहून, पण अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, पिंपळ म्हनजे आमचा बोधिवृक्ष. बुद्धाले ज्ञान झालं ते त्याच्याच खाली. मी कसा फेकन त्याले? अन् मंग पिंपळ ठेवला तं वडानं, उंबरानं काय पाप केलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या झाडाला आम्ही भीतीपोटी हात लावत नव्हतो, ते आम्ही या माणसाच्या हातानं उपटून घेत होतो, आणि त्याला ते आमच्यापेक्षा प्यारं होतं. असं किती घरांनी केलं असेल! मी तिथंच माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या नं. तुम्ही बोलावलं म्हनून तं तो इथं आहे." आणि पाना घेऊन माझी मोटर पाहायला निघाले.

तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी माझी हुडकेश्वरला फेरी असते. एकदा एका प्रदर्शनात मी फार नावाजलेली बोन्साय झाडं पाहिली. सुंदर होती, पण ती पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला उभ्या केलेल्या मुलांसारखी वाटली. चंद्रभानची झाडं गावच्या पारावरची वाटतात. त्यांच्या वडाखाली दोन मुंगळे दिसले तरी वाटतं, पंचायत बसली.

या वर्षी त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारानं त्यांच्याकडे एक पिंपळ मागितला. विहार म्हणजे एक छोटा हॉल. चारी बाजूंनी घरं, अंगणाला जागाच नाही. बुद्धमूर्तीशेजारी कुंडीतला बोधिवृक्ष ठेवायचा, बुद्धपौर्णिमेला, असं ठरलं. चंद्रभाननी सगळ्यात देखणा निवडला, तो माझ्या दुसऱ्या मजल्याचा. अकरा वर्षं वाढवलेला. त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आणि नेमकं त्यांना गावाला जावं लागलं. त्यांची मुलगी दीप्ती हैदराबादला असते. तिला जुळं होणार होतं आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही मनाई केली. जावयाची नोकरी, घरात दुसरं कोणी नाही. दोघांनाही जाणं भाग होतं. पाच आठवडे. परत यायचं ते पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. बाकीची अठरा झाडं विहाराचे सचिव आनंदराव यांच्या घरी गेली. हा पिंपळ मात्र रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभान स्वतः माझ्याकडे घेऊन आले.

"आनंदरावाकडं अठरा आहेत, गर्दीत याच्याकडं ध्यान नाही राहनार. तुमची खिडकी पूर्वेची आहे, अन् तुम्ही टायमाच्या पक्क्या. कूलरच्या हवेत ठेवजा नोका. पानी बोटानं पाहून घालजा. बस."

ते गेल्यावर श्रीधर म्हणाले, "घरात पिंपळ आणलास. आता मुंजा आला तर त्याला बसवून त्रैराशिक शिकव."

मी दुर्लक्ष केलं. कूलर दुसऱ्या खिडकीला हलवला. रोज सकाळी बोट खुपसून पाणी. चार दिवस सगळं शास्त्रानुसार चाललं. मग शनिवार आला.

शनिवारी पिंपळाला दूधपाणी घालायचं हे माझ्या आईनं मला शिकवलेलं. लहानपणी आम्ही त्यासाठी अर्धा कोस चालत जायचो. आणि इथं तर पिंपळ घरात, तोही कुणाचा तरी पूज्य. नुसतं साधं पाणी घालून मोकळं व्हायला माझं मन होईना. चमचाभर दूध घातलं, चिमूटभर साखर, खोडाला हळदकुंकू, आणि कुंडीच्या कडेला तिळाच्या तेलाचा दिवा. इतकं प्रसन्न वाटलं की काय सांगू! मग मनात आलं, शनिवारच कशाला? रोजच एक चमचा दूध घालू लागले. अकरा वर्षांपूर्वीचं माझं वागणं मी त्या चमच्यानं फेडत होते बहुतेक. चंद्रभाननी मला ऊन, वारा, पाणी सगळं सांगितलं होतं. दूध घालू नका, हे सांगावं लागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

ते दर रविवारी फोन करायचे. पहिल्या रविवारी सगळं खरंच छान होतं. दुसऱ्या रविवारी चार पानं पिवळी होती. "कसा आहे पिंपळ?" मी म्हणाले, "छान." म्हटलं, जागा बदलली म्हणून रुसला असेल. तिसऱ्या रविवारपर्यंत कुंडीला आंबूस वास येऊ लागला, मुंग्यांची रांग लागली, आणि एकेक करून सगळी पानं गळली. ती मी केरात टाकू शकले नाही; कागदी पिशवीत घालून कपाटात ठेवली. "कसा आहे पिंपळ?" मी म्हणाले, "छान," आणि फोन ठेवला. पोरांनी कॉपी केली तर मी त्यांना दिवसभर वर्गाबाहेर उभं करायची. त्या हिशेबानं मला महिनाभर फाटकाबाहेर उभं करायला हवं होतं.

सोमवारी मला जेवण गेलं नाही. मंगळवारी श्रीधर म्हणाले, "सांगून टाक. झाड तर गेलंच आहे, निदान माणूस तरी राहू दे." मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. दूध, साखर, दिवा, आणि दोनदा बोललेलं खोटं.

मग ते म्हणाले, "मले दुसऱ्याच रविवारी समजलं होतं, बाई."

"कसं?"

"झाड चांगलं असलं का मानूस लय बोलते. नवं पान आलं, असं झालं, तसं झालं. तुम्ही एका शब्दात फोन ठेवून दिला."

"मग तेव्हाच विचारायचं नाही का?"

"खोदून विचारलं असतं तं तुम्ही झाड आनंदरावाकडं पोचवून दिलं असतं, अन् पुन्हा कोनत्याच झाडाले हात लावला नसता."

अगदी बरोबर. मी तेच केलं असतं. या माणसानं अकरा वर्षांचं झाड पणाला लावलं आणि माझी वाट पाहिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"रडू नोका. टाइम नाही. आता तुम्हालेच कापा लागते."

मग जे झालं ते आमच्या स्वयंपाकघरात झालं. श्रीधरांनी मोबाइल धरला, पलीकडे हैदराबादच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चंद्रभान. मी वीट खलबत्त्यात कुटली आणि रव्याच्या चाळणीनं चाळली. ती चाळणी पुन्हा रव्याला वापरता आली नाही, असो. कात्री उकळत्या पाण्यात बुडवली. कुंडी उलटी करून झाड बाहेर काढलं तर अर्धी मुळं काळी, बुळबुळीत, नाकाला पदर लावावा असा वास.

"काळं सारं काढून टाका. कापत जा. पांढरा चीक दिसला का थांबजा. तिथून पुढं ते जितं आहे."

पिंपळाच्या मुळावर कात्री! एकदा जिन्यातून परत फिरलेली मीच ती. "अहो, मोबाइल नीट धरा!" मी श्रीधरांवर ओरडले, ते बिचारे नीटच धरून उभे होते. मी पहिलं मूळ कापलं. काही नाही. आणखी वर. काही नाही. आणखी वर कापलं आणि कापलेल्या टोकावर पांढऱ्या चिकाचा थेंब आला. मोहरीएवढा. मी तो मोबाइलसमोर धरला.

"आहे," चंद्रभान म्हणाले. त्यांनी डोळे पुसलेले मला दिसले. "आहे नं बाई. करा बाकीचे."

तास लागला. विटांच्या चुऱ्यात झाड बसवलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी तंबूसारखी बांधली. आता फक्त बोटानं पाहून पाणी आणि वाट पाहणं. बाहेर पारा पंचेचाळीसवर गेला होता. रोज सकाळी चष्मा लावून मी फांद्यांवरचा एकेक डोळा तपासायची, कुठं अंकुर फुटतो का ते. पाच दिवस, आठ दिवस, दहा दिवस. बाराव्या दिवशी, म्हणजे चंद्रभान परत यायचे त्या सकाळी, एका फांदीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं लाल टोक दिसलं. बस, तेवढंच.

ते स्टेशनवरून सरळ आमच्याकडे आले. दीप्तीला दोन मुली झाल्या होत्या, पेढे आणले होते. पेढ्यांचा डबा यशोधराबाईंच्या हातात देऊन ते झाडापाशी उकिडवे बसले आणि त्या लाल टोकाकडे बराच वेळ पाहत राहिले.

मी म्हणाले, "हे नका देऊ विहारात. पान नाही त्याला एकही. लोक काय म्हणतील? दुसरा पिंपळ द्या."

"हाच द्यायचा आहे," ते म्हणाले.

बुद्धपौर्णिमेला सकाळी आम्ही दोघं विहारात गेलो. पांढऱ्या कपड्यांनी हॉल भरला होता. वंदना झाली. मूर्तीशेजारी तो उघडा, काडीकाडी पिंपळ ठेवला होता आणि लोक एकमेकांकडे पाहत होते. मागे कोणीतरी कुजबुजलं, "वाळलेलं झाड काहून आनलं?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. आनंदरावांनी चंद्रभानना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते खरंच दोनच बोलले.

"हे झाड आजपासून विहाराचं. त्याची देखरेख हरकरे बाई करतीन."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून उभीच राहिले. "मी? अहो, मी तर मारलं होतं याला! दूध घालून घालून मारलं!"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. चंद्रभान म्हणाले, "म्हनूनच नं, बाई. हे झाड कसं जगते ते इथं दहा जन सांगतीन. ते कसं मरते, हे तुमच्याएवढं आता कोनालेच माहीत नाही."

मी खाली बसले. यशोधराबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं आनंदराव उठले, भिंतीवरच्या खिळ्यावरून विहाराची किल्ली काढली आणि लोकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले. "सकाळी साडेसातले उघडजा, बाई," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.